सरोवराकांठचा दिवा

१४ ऑगस्ट २००३ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील वीज एकाएकीं गेली. अमेरिकेंतील कांहीं संस्थानें आणि कॅनडाचा ओन्टारियो प्रांत मिळून सुमारें पांच कोटि लोकांच्या घरांत त्या संध्याकाळीं दिवा लागला नाहीं. टोरंटो शहरांत भुयारी गाड्या थांबल्या, पाळणे अडकले, चौकांतले इशाऱ्याचे दिवे मालवले. रात्र पडल्यावर माणसें घरांत उकडतें म्हणून अंगणांत आणि गच्चीवर येऊन बसलीं आणि त्यांनीं सहज वर पाहिलें. डोक्यावर ताऱ्यांची खच्चून गर्दी झालेली होती. त्या महिन्यांत पृथ्वीच्या फार जवळ आलेला मंगळ निखाऱ्यासारखा तांबडा दिसत होता, आणि ज्यांचा जन्म या शहरांत गेला अशा कित्येकांनीं आपल्या दारांतून आकाशगंगेचा पट्टा त्या रात्रीं प्रथमच पाहिला. पुढें वीज परत आली आणि हें सारें वैभव पुन्हां दिसेनासें झालें. तारे कोठेंही गेले नव्हते. मध्यें एक पडदा होता, आणि तो माणसानें स्वतःच विणलेला होता.

या शहराच्या लोकांचें काळोखाशीं असलेलें नातें मोठें चमत्कारिक आहे. दर उन्हाळ्यांत तेथील हजारों कुटुंबें शहराचा गोंगाट आणि लखलखाट यांना कंटाळून उत्तरेकडील सरोवरांच्या कांठीं राहावयास जातात. जातात शांततेसाठीं व काळोखासाठीं. पण जातांना शहरांतला दिवा बरोबर घेऊन जातात. त्या दिव्याचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे.

टोरंटोच्या उत्तरेस दीड-पावणेदोनशें किलोमीटरांवर मस्कोका नांवाचा प्रदेश लागतो. पृथ्वीच्या पाठीवरील अतिप्राचीन खडकांपैकीं एक खडक येथें उघडा पडलेला आहे. हिमयुगांतल्या बर्फाच्या थरांनीं तो घासून कोरून काढला आणि त्या खोलगट जागांत पाणी सांचून लहानमोठीं शेंकडों तळीं झालीं. मस्कोका, रोसो आणि जोसेफ हीं त्यांतील तीन मोठीं सरोवरें. आज जेथें पोर्ट कार्लिंग हें गांव आहे तेथें पूर्वीं ओजिब्वे लोकांची वस्ती होती. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती म्हणून त्या लोकांना आपलें गांव सोडून दूर जावें लागलें. मग १८६८ च्या कायद्यानें सरकारनें येथील जमिनी नव्या शेतकऱ्यांस विनामूल्य देऊं केल्या. परंतु मातीचा थर कोठें हातभर, कोठें वीतभर, आणि खालीं सारा फत्तर. जंगल तोडून शेत करावें तों नांगराचा फाळ दगडावर आदळे. फुकट मिळालेली जमीनही पुष्कळांना महाग पडली.

शेतकऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या या भूमीनें पाहुण्यांना मात्र भुरळ घातली. ए. पी. कॉकबर्न या उद्योगी गृहस्थानें १८६६ सालीं मस्कोका सरोवरांत 'वेनोना' नांवाची आगबोट सोडली. १८७० मध्यें रोसो सरोवराच्या टोकाशीं पहिलें मोठें हॉटेल उघडलें. १८७१ मध्यें पोर्ट कार्लिंग येथें पाण्याचे दरवाजे बांधून तयार झाले आणि मस्कोका व रोसो हीं दोन सरोवरें आगबोटींसाठीं जोडलीं गेलीं. १८७५ सालीं आगगाडी ग्रॅव्हनहर्स्टपर्यंत पोहोंचली. सकाळीं शहरांत असलेला मनुष्य त्याच दिवशीं आगबोटीच्या कठड्याला टेकून पाइन वृक्षांचीं बेटें पाहूं लागला. ग्रॅव्हनहर्स्ट हें नांव मराठी श्रोत्यांनीं अगदींच परकें मानूं नये. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा जन्म १८९० सालीं याच गांवीं झाला, आणि चीनमध्यें त्यांच्या नांवानें जें युद्धकालीन रुग्णालय चाललें त्याचें प्रमुखपद आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनीं सांभाळलें. १८९७ सालीं या गांवाजवळ क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम निघालें, तें येथील स्वच्छ हवेच्या भरंवशावर.

हॉटेलांत उतरणारे पाहुणे हळूहळू स्वतःचीं घरें बांधूं लागले. अशा घराला तेथें कॉटेज म्हणतात. आपल्याकडे सुखवस्तु कुटुंबाचा महाबळेश्वरास किंवा लोणावळ्यास बंगला असावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं या घराचें खरें दार सरोवराकडे उघडतें. पुढें लांकडी धक्का, धक्क्याला बांधलेली नांव, आणि त्यापलीकडे पाणी. टोरंटोच्या व्यापाऱ्यांबरोबर अमेरिकेंतील पिट्सबर्गचे धनिकही येथें आले. १८९४ सालीं या घरमालकांनीं सरोवरांच्या सामाइक हितासाठीं आपला एक संघ स्थापन केला. हें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कांठ वांटून घेतां येतो, पाणी वांटून घेतां येत नाहीं. एकानें घाण सोडली तर ती सर्वांच्या धक्क्याशीं जाते. ही गोष्ट त्या लोकांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच उमगली होती. आकाशाविषयीं तीच गोष्ट उमगावयास मात्र आणखी एक शतक जावें लागलें.

याचें कारण असें, कीं आरंभीं आकाशाला कोणाचाच उपद्रव नव्हता. त्या काळचा दिवा रॉकेलचा. त्याचा उजेड ओसरीच्या कठड्यापलीकडे फारसा जात नसे. रात्रीं कोणी नांवेनें येणार असेल तर कंदील घेऊन धक्क्यावर जावें, पाहुणा उतरला कीं त्याला वाट दाखवीत घरांत यावें, आणि वात खालीं करावी. तेल विकत आणावें लागे, कांच पुसावी लागे, वात कातरावी लागे. दिव्यामागें कष्ट होते, म्हणून दिवा कामापुरताच जळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या तारा खेडोपाडीं गेल्या, मोटारींचे रस्ते सुधारले, आणि उन्हाळ्यापुरत्या लांकडी घरांच्या जागीं बारमाही वाडे उभे राहूं लागले. धक्क्यावर दिवा आला, नांवेच्या घरावर दिवा आला, पायऱ्यांवर दिव्यांची रांग आली, पाइनच्या बुंध्याशीं वर तोंड केलेले शोभेचे दिवे आले, आणि भिंतीवर प्रखर झोत टाकणारे दिवे आले. हे लावण्यास एक बोट पुरें होतें. मालक रविवारीं शहरास परतला तरी कित्येक घरांचे दिवे आठवडाभर रिकाम्या धक्क्याची राखण करीत राहिले. शहरांतून पळून आलेल्या माणसाच्या मनांतली काळोखाची भीति मात्र मागें राहिली नव्हती.

एक दिवा एवढासा. त्यानें कोणाचें काय बिघडतें, असें आपणांस वाटेल. गांवांत किंवा रानांत तें कांहीं अंशीं खरेंही असेल. तेथें झाडें असतात, भिंती असतात, चढउतार असतो. उजेड कोठेंतरी अडतो. सरोवरावर उजेडाला अडविणारें कांहींच नाहीं. शिवाय तिरपा येणारा प्रकाश पाणी आरशाप्रमाणें परतवितें. म्हणून पलीकडच्या कांठावरील एक उघडा दिवा आपणांस दोनदां दिसतो, एकदां खांबावर आणि एकदां पाण्यांत. आणि वाऱ्याची झुळूक आली म्हणजे त्या दुसऱ्या दिव्याची लांबच लांब सळई होऊन ती थेट आपल्या पायांशीं येऊन पोहोंचते. मालक त्या दिव्याच्या मागें बसलेला असतो. त्याला अंगण उजळलेलें दिसतें. दिव्याची तिडीक लागते ती समोरच्याला. जमीन त्याची, खांब त्याचा, वीज त्याच्या पैशाची. परंतु उजेड त्याच्या हद्दींत राहत नाहीं. सरोवराकांठच्या मालकीची सारी अडचण या एका वाक्यांत आहे.

इकडे खुद्द टोरंटोंत काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. शहराच्या उत्तरेस रिचमंड हिल या गांवीं १९३५ सालीं डेव्हिड डनलॅप वेधशाळा उघडली. तिच्यांतील ७४ इंची आरशाची दुर्बीण त्या वेळीं जगांत दुसऱ्या क्रमांकाची होती. जागा निवडतांना ती शहराच्या दिव्यांपासून दूर असावी असें पाहिलें होतें. पण शहर स्वस्थ बसलें नाहीं. वस्ती वाढत वाढत वेधशाळेला येऊन भिडली आणि तिलाही ओलांडून पुढें गेली. १९९५ सालीं रिचमंड हिलनें बाहेरच्या दिव्यांना आळा घालणारा नियम केला, परंतु तोंवर भोंवतालचें सगळें क्षितिज पांढरें झालें होतें. अखेर २००८ सालीं विश्वविद्यालयानें ती जागा विकली. दुर्बीण तेथेंच आहे, हौशी निरीक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते. पण ज्या संशोधनासाठीं ती उभारली तें काम तेथें राहिलें नाहीं. दूर जाऊन काळोख मिळविण्याचा हा उपाय किती वर्षें पुरतो, याचें उत्तर या एका वेधशाळेनें दिलें आहे: पाऊणशें वर्षेंही नाहीं.

मस्कोकाच्या लोकांसमोर हें उदाहरण होतें. ग्रॅव्हनहर्स्ट आणि बाला या गांवांच्या मध्यें टॉरन्स बॅरेन्स नांवाचा एक माळ आहे. जंगलतोड आणि वणवे यांनीं तेथील उंच झाडें कधींच गेलीं. उरला तो शेवाळानें रंगलेला उघडा खडक, मधून मधून दलदल, आणि चारी बाजूंस विनाअडथळा टेकलेलें आकाश. शेतीला निरुपयोगी, घरांना गैरसोयीची, म्हणून ही जमीन सरकारी मालकीचीच राहिली होती. कांहीं उन्हाळी रहिवासी, हौशी ज्योतिर्विद आणि प्रदेशाच्या वारशासाठीं झटणारी एक संस्था यांनीं मिळून आग्रह धरला, कीं या माळावरचा काळोख हीच त्याची संपत्ति आहे. १९९९ सालीं सुमारें १,९०० हेक्टरांचा हा टापू काळोखाचें राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कॅनडांतील असें हें पहिलेंच क्षेत्र होय. ज्या जमिनीला शेतकऱ्यानें नापीक म्हणून टाकून दिलें, तिच्यावर आज अमावास्येच्या सुमारास लोक सतरंज्या पसरून तासन्‌तास पडून राहतात.

पण राखीव क्षेत्राच्या सीमेवर उजेडासाठीं कोणी पहारेकरी ठेवूं शकत नाहीं. आठ-दहा मैलांवरील घरांचे व दुकानांचे दिवे उघडे असतील तर माळावरचें क्षितिज उजळणारच. म्हणून खरें काम माळाबाहेर होतें. घरोघरच्या धक्क्यांवर होतें. घरमालकांच्या संघटनांनीं आपल्या सभासदांस समजाविण्यास आरंभ केला, आणि पुढें मस्कोका लेक्सच्या स्थानिक मंडळानें बाहेरच्या दिव्यांसंबंधीं नियमच केले. दिवा वरून व बाजूंनीं झांकलेला असावा, त्याचें तोंड खालीं असावें, आणि त्याचा उजेड शेजाऱ्याच्या हद्दींत किंवा पाण्यावर जाऊं नये, असा त्यांचा आशय आहे. दिवा लावूं नका, असें कोणीं म्हटलें नाहीं. दिवा आपल्या घरीं ठेवा, एवढेंच म्हटलें.

हा केवळ तारे पाहणाऱ्यांच्या हौसेचा प्रश्न असता, तर त्यासाठीं नियम करण्याचें कदाचित् कारण पडलें नसतें. परंतु काळोखाची गरज सरोवरालाच आहे. गोड्या पाण्यांत डॅफ्निया नांवाचा पिसवेएवढा एक जीव असतो. दिवसां माशांच्या नजरेस पडूं नये म्हणून तो खोल पाण्यांत दडून राहतो, आणि रात्र झाली कीं पृष्ठभागाजवळ येऊन तेथील सूक्ष्म शेवाळ खातो. हा रोजचा प्रवास युगानुयुगें चालत आला आहे, आणि त्याची वेळ ठरते ती उजेडावरून. अमेरिकेंत बॉस्टन शहराजवळ वॅबन नांवाचें एक तळें आहे. तेथें मॅरियन मूर व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग करून पाहिला व त्याचे निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाले. शहराच्या उजेडापासून झांकून ठेवलेल्या पाण्यांतील डॅफ्नियांच्या मानानें उजेडांत ठेवलेले डॅफ्निया सुमारें दोन मीटर कमी वर आले, आणि वर येणाऱ्यांची संख्याही १० ते २० टक्क्यांनीं घटली. रात्रींचा चरणारा कमी झाला कीं शेवाळ माजण्यास वाव मिळतो, आणि शेवाळ माजलें कीं पाण्याची निर्मळता जाते. ज्या निर्मळ पाण्यासाठीं मालकानें कांठावर घर बांधलें, त्या पाण्याची रात्रपाळीची झाडलोट करणारा सेवक त्याच्याच दिव्यानें बिथरतो.

पाण्यांतून पंख घेऊन निघणाऱ्या कीटकांची गोष्टही अशीच आहे. त्यांतील कित्येकांना पंखांचें आयुष्य उणेंपुरें एक-दोन दिवसांचें मिळतें. तेवढ्यांत जोडीदार शोधून पाण्यावर अंडीं घालावयाचीं असतात. तेवढा वेळ ते दिव्याभोंवतीं घिरट्या घालून थकतात आणि सकाळीं धक्क्याच्या फळ्यांवर मरून पडलेले आढळतात. आपण केरसुणीनें ते झाडून टाकतों. त्याबरोबर माशांचें अन्न आणि पुढच्या वर्षाचें बीजही झाडलें जातें.

आतां उजेडाच्या बाजूनें जें बोललें जातें त्याचाही विचार केला पाहिजे. पहिला मुद्दा चोरांचा. प्रखर दिवा असला म्हणजे घर सुरक्षित राहतें, अशी पुष्कळांची समजूत असते. पण डोळ्यांत तिडीक आणणाऱ्या दिव्यापाठीमागें सावली अधिकच दाट होते, आणि त्या सावलींत उभा असलेला मनुष्य आपणांस दिसत नाहीं. रिकाम्या घरावर रात्रभर जळणारा दिवा पाहण्यास तेथें असतें तरी कोण? माणसाची चाहूल लागतांच लागणारा आणि थोड्या वेळानें आपोआप विझणारा दिवा यापेक्षां अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचें लागणें हाच एक इशारा असतो. दुसरा मुद्दा नांवांचा. रात्रीं नांव हांकणारा मनुष्य डोळ्यांना अंधाराची संवय करून घेऊन चालत असतो. ही संवय जमावयास अर्धा तास लागतो आणि एका झोतानें ती क्षणांत मोडते. धक्क्यावरचा उघडा दिवा त्याला वाट दाखवीत नाहीं, आंधळें करतो. आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या गर्दींत दुसऱ्या नांवेचा लाल-हिरवा दिवाही हरवून जातो.

म्हणून जबाबदार मालकानें आपल्या दिव्याला तीन-चार प्रश्न विचारावे. हा दिवा येथें हवाच आहे काय? हवा असल्यास त्याचें तोंड खालीं आहे काय? तो गरजेपेक्षां प्रखर नाहीं ना? आणि कोणी नसतांनाही तो जळत तर नाहीं ना? रंगाचाही विचार करावा. ज्या कारणानें दिवसां आकाश निळें दिसतें, त्याच कारणानें पांढऱ्या-निळसर दिव्याचा उजेड हवेंत अधिक विखुरतो. पिवळसर दिवा त्या मानानें सौम्य. या सर्व गोष्टींस खर्च थोडा येतो, आणि विजेच्या बिलांत तो भरून निघतो.

असें असूनही जग उलट दिशेनें चाललें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशावरून असें दिसलें, कीं जगांतील ८० टक्क्यांहून अधिक लोक कृत्रिम उजेडानें डागाळलेल्या आकाशाखालीं राहतात, आणि एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाहीं. २०२३ सालीं आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळांत हजारों सामान्य नागरिकांनीं केलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून त्यांत असें अनुमान काढलें, कीं आकाशाची चमक सरासरीनें दरवर्षीं ९.६ टक्क्यांनीं वाढत आहे. या गतीनें, जेथें आज एखाद्या मुलाच्या जन्माच्या वेळीं २५० तारे दिसत असतील, तेथें तें अठरा वर्षांचें होईपर्यंत जेमतेम १०० उरतील. एलईडीचा दिवा स्वस्त झाला, विजेचा खर्च वांचला. आणि वांचलेल्या पैशांचे आपण आणखी दिवे लावले.

श्रोतेहो, ही कथा दूरदेशची खरी, पण ती तेथेंच संपत नाहीं. पवना, मुळशी, पानशेत यांच्या जलाशयांकांठीं मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचीं सुटीचीं घरें गेल्या कांहीं दशकांत उभीं राहिलीं आहेत. मस्कोकाच्या कांठीं ओजिब्वे लोकांचें गांव होतें. मुळशीच्या पाण्याखालीं तर मावळांतील गांवेंच्या गांवें गेलीं, आणि त्यासाठीं १९२१ सालीं सत्याग्रह झाला. अशा कांठावर जो आज घर बांधतो त्याच्याकडे तें पाणी आणि वरचें आकाश ठेवीसारखें आलेलें आहे, याचें त्यानें भान ठेवावें. आणि हें आपल्याकडे साधणारच नाहीं, असेंही नाहीं. २०२४ च्या जानेवारींत नागपूरजवळील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतांतील पहिलें काळोख-उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठीं सिलारी आदि गांवांतील शंभराहून अधिक दिव्यांच्या जागीं खालीं तोंड असलेले दिवे बसविण्यांत आले. गांवकऱ्यांची वाट उजळलेलीच राहिली, आणि आकाशही त्यांचें त्यांना परत मिळालें.

नदींत सोडलेलें विष निघावयास वर्षें लागतात. तोडलेलें रान वाढावयास पिढ्या जातात. आकाशावरचा हा डाग मात्र असा आहे, कीं दिवा मालवतांच त्याच क्षणीं तो पुसला जातो, मागें कांहीं उरत नाहीं. टोरंटोच्या लोकांना तें २००३ च्या त्या रात्रीं योगायोगानें कळलें. आपणांस त्यासाठीं वीज जाण्याची वाट पाहावयास नको. पुढच्या सुटींत आपण एखाद्या तळ्याकांठच्या घरीं उतराल, तेव्हां निजण्यापूर्वीं बाहेरचा दिवा आठवणीनें मालवा, आणि मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटें ओसरीवर बसा. डोळ्यांना अंधाराची संवय होऊं द्या. मग तीं मुलें वर पाहतील, आणि पाणी निश्चळ असेल तर खालींही.